हेमंत, तुझा मासा जिवंत आहे

हेमंत,

तुझा मासा जिवंत आहे. दारातून आत येता येता तू आधी हेच विचारलं असतंस, म्हणून आधी हेच सांगते. खातो व्यवस्थित, अंगावर कुठे डाग नाही, पाणी अठ्ठावीस अंशांवर आहे. आणि तो जिवंत आहे म्हणूनच तुझ्या स्वातीने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तू गेल्यावर तुझ्या घरात काय काय झालं ते तुला सांगायला दुसरं कोणी नाही. आई सांगणार नाही. स्वाती तर नाहीच. सानिका तेराव्यानंतर बंगळुरूला परत गेली, तिची परीक्षा होती. तुझ्या लेकीला यातलं काही माहीत नाही आणि ते बरंच आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर तुझ्याबद्दल पुष्कळ लिहून आलं. शांत स्वभाव, मनमिळाऊ, कधी कुणाला दुखावलं नाही. सगळं खरं आहे. तुझ्या उभ्या स्कूटरला एकाने गाडी घासली तेव्हा तूच त्याला सॉरी म्हणालास, हे मी माझ्या खिडकीतून पाहिलंय. मुलुंडला एकाच कॉलनीत दोन इमारती सोडून राहण्याचा हा तोटा. तुझ्यावरचे सगळे अन्याय मला वरून दिसायचे. पण हा शांत माणूस घरात काय पाळत होता, ते मात्र ग्रुपवर कुणी लिहिलं नाही.

फ्लॉवरहॉर्न. नावात फूल आहे तेवढंच. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, अंगावर लाल रंग आणि काळे डाग, आणि डोळा असा की समोरच्याने काहीतरी चूक केली आहे हे त्याला आधीच ठाऊक आहे. टाकीत दुसरा मासा चालत नाही. झाड लावलं तर उपटून टाकतो. हात घातला तर चावतो, रक्त काढतो. तू त्याला 'साहेब' म्हणायचास, कारण तुझे ऑफिसातले साहेबही केबिनमधून आधी कपाळ आणि मग बाकीचे असे बाहेर यायचे. दुपारी ऑफिसातून फोन करून विचारायचास, "साहेब जेवले का?" आणि आई इकडून म्हणायची, "जेवलो तुझो साहेब. आता माका खाऊक बघता."

आई पहिल्यापासून विरुद्ध होती. कोकणातल्या बाईला मासा नुसता बघायला ठेवायचा ही कल्पनाच पटेना. "खाऊचो नाय तर पोसतंस कित्याक रे?"

"आई, हा बघायचा मासा आहे."

"मगे आज बघण्याचाच कालवण करतंय. जेव."

मी विरुद्ध होते ती वजनामुळे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे अडीचशे लिटर पाणी. काच, दगड आणि खालचा लोखंडी स्टँड धरून साडेतीनशे किलो. आपल्या इमारती जुन्या. मी टेप घेऊन आले, खालच्या मजल्यावर जाऊन तुळई कुठून जाते ते पाहिलं आणि टाकी बरोबर तिच्यावर, भिंतीला लावून ठेवायला लावली. तू म्हणालास, "ताई, तू माशाचा पण क्लेम तपासणार." माझी नोकरीच ती. विम्याच्या कचेरीत इतकी वर्षं मी एकच काम करत आले. नुकसान झालंय, ते कशामुळे? आगीमुळे की आग विझवायच्या पाण्यामुळे? भिंत पावसाने पडली की आधीपासूनच पडायला आली होती? माणसं सांगतात ते कारण एक आणि निघतं ते दुसरं. हे ऐकून ऐकून तुझे कान किटले असतील.

आपला एक वाद अर्धा राहिलाय, तो आधी लिहिते.

साहेबाला सोबत म्हणून तू एकदा त्याच्याच जातीचा, जरा लहान असा दुसरा मासा आणलास. आणण्याआधी टाकीतले सगळे दगड उचलून वेगळे मांडलेस. मी विचारलं, हे कशाला? म्हणालास, दगड हलवले की जुन्याला आपली जागा ओळखू येत नाही, दोघंही नवखे होतात, मग मारामारी कमी होते. मला ती युक्ती फार आवडली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आले तेव्हा लहान मासा कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून होता. शेपटी उरली नव्हती. तू त्याला बादलीत काढलंस, औषध घातलंस, पण तो काही वाचला नाही. मी चिडले. म्हटलं, असला खुनशी प्राणी घरात हवा कशाला?

तू बादलीकडे बघत म्हणालास, "खुनशी नाही गं. नदीत पण हे असेच भांडतात. पण नदीत हरलेला पळून जातो. मग मारणारा पण विसरतो. इथे हरलेला जाणार कुठे? तो समोरच राहतो. याला परत परत दिसतच राहतो ना."

"मग पेटीत ठेवतोस कशाला? सोड नदीत."

"याला नदीच नाही, ताई. माणसांनी दोन-तीन जाती मिसळून बनवलाय याला. कुठल्याच नदीत याचं कोणी नाही."

"म्हणजे चूक आधी दुसऱ्याने केली, म्हणून तू ती चालू ठेवणार?"

यावर तू चहा मागितलास. उत्तर नसलं की तू चहा मागायचास. मी पुढे कितीदा तो विषय काढला आणि तू किती कप चहा प्यायलास, देव जाणे. मला वाटायचं, कधीतरी उत्तर देशील. निदान चिडशील तरी.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे पुढचं सगळं झालं.

तीन वर्षांपूर्वी माझं पित्ताशय फुटलं आणि विष रक्तात भिनलं. मी आयसीयूत पडले तेव्हा आमचे हे घाबरून निम्मे झाले होते, डॉक्टरांशी बोलायचास तू. बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तू बसून असायचास, आंघोळीपुरता घरी जायचास. इकडे टाकीचं पाणी बदलायला कुणी नाही. त्यात शेजारच्या कुणीतरी आईला सांगितलं की असा मासा घरात असला की घरावरचं संकट तो स्वतःवर घेतो. ज्या माशाकडे आई कालवणाच्या नजरेने बघायची, त्याच्यासमोर पाट मांडून बसायला लागली. आणि मुठी मुठीने खाणं टाकायला लागली. तिच्या दृष्टीने तो नैवेद्य होता. मासा खाऊन खाऊन खाणार किती? उरलेलं तळाला कुजत गेलं.

ज्या दिवशी माझा ताप उतरला त्याच दिवशी साहेब उलटा होऊन वर आला.

मला बाहेरच्या खोलीत हलवल्यावर आई भेटायला आली ती रडतच. "माशान तुझ्यावरचा सगळा आपल्यार घेतल्यान गो चेडवा." मागे स्वाती उभी होती. तिने नुसते हात जोडले. दोघी गेल्यावर तू खुर्ची ओढून बसलास आणि म्हणालास, "मेला तो तुझ्यामुळेच. पण आई म्हणते तसा नाही."

"मग?"

"तू इथे पडलीस, मी इथे बसलो. तिकडे पाणी सडलं. मी तपासणीचे थेंब घालून बघितलं, नळीतलं पाणी पिवळं राहायला पाहिजे ना, ते गर्द हिरवं झालं. अमोनिया. आईने खाण्याची अर्धी बरणी रिकामी केलीय."

"मग सांग तिला."

"वेडी आहेस का? तिला सांगू, तूच मारलास? ती नारळ फोडून आलीय गं."

"पण खोटं आहे ते, हेमंत. चुकीचं कारण असं राहू द्यायचं नसतं."

"राहू दे ना. कुणाचं काय बिघडतंय?"

मी तेव्हा भांडण्याच्या अवस्थेत नव्हते, म्हणून तू जिंकलास. पण पडल्या पडल्या मी विचार करत राहिले. मासा पाण्यामुळे मेला. पाणी तू घरी नव्हतास म्हणून सडलं. तू घरी नव्हतास कारण तू माझ्याजवळ होतास. हे कारण मी कितीही मागे नेलं तरी शेवटी त्या प्लास्टिकच्या खुर्चीपाशीच येऊन थांबत होतं. हे मी तुला एकदा तरी बोलून दाखवायला हवं होतं. मी काय बोलले? "पाठ दुखत असेल, घरी जा."

मग तू दुसरा आणलास. बोटाएवढं पिल्लू. त्याला हा एवढा केलास. आईने आता पक्ष बदलला होता. रोज संध्याकाळी देवाला दिवा लावला की टाकीपुढेही क्षणभर उभी राहायची. तू तिच्यामागून मला डोळा मारायचास.

आणि मग तुझं दुखणं. स्वादुपिंड. ते कळलं तेव्हाच फार पुढे गेलेलं होतं. त्याचे कागद मी सगळे वाचले, आकडे मला वाचता येतात, आणि काय होणार ते तुझ्या डॉक्टरांनी सांगण्याआधी मला कळलं होतं. तुलाही कळलं होतं. आपण दोघं त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. आपण पाण्याबद्दल बोललो.

"ताई, पाणी तू बदलत जा. बाकीचे अंदाजाने करतील. एक तृतीयांशच काढायचं. ड्रममध्ये एक दिवस ठेवलेलं पाणी घालायचं, थेट नळाचं नको. फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचा."

"तीनदा सांगून झालंय."

"चौथ्यांदा ऐक. आणि हात सांभाळ."

मी तुझं शब्दन् शब्द पाळलं. टाकीच्या काचेवर आतल्या पाण्याच्या एक तृतीयांशाची खूण म्हणून चिकटपट्टी लावली. लांब काठीला नळी बांधली, म्हणजे हात आत घालायला नको. तरी दोनदा चावला. पहिल्याच वेळी तळाशी फुगलेल्या खाण्याचा थर दिसला. थेंब घातले, पाणी हिरवं. मला वाटलं, आई परत सुरू झाली. सगळं ओढून काढलं, पाणी बदललं, पिवळं येईपर्यंत थांबले. पुढच्या खेपेला परत तेच. मग मी रविवारच्या जोडीला बुधवारीही यायला लागले, ऑफिस सुटल्यावर. आईला म्हटलं, "असं टाकू नकोस. मरेल तो." ती म्हणाली, "मिया काय टाकूक नाय गो." मला ते खोटं वाटलं.

तुला दवाखान्यात येऊन सांगितलं. तू खूप बारीक झाला होतास, हसलास की चेहऱ्यावर दातच दिसायचे. "आई परत कामाला लागली?" म्हणालास. मग, "टाकू दे टाकणाऱ्याला. तू काढत जा."

टाकणाऱ्याला म्हणालास. आईला म्हणाला नाहीस. मला हे नंतर आठवलं. तुला माहीत होतं का रे?

तू गेलास. त्याबद्दल मला इथे काही लिहायचं नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे काठी, नळी, बादल्या घेऊन आले. आईने दार उघडलं. स्वाती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात ओले, पदराला पुसत. ती तुझ्यापेक्षा हळू बोलते हे तुला माहीत आहे. तशीच हळू म्हणाली, "ताई, आजपण?"

"आठवडा झाला गं. पाणी खराब होईल."

"तेव्हा तुम्ही पाणी बदललं नसतंत ना, तर तो गेला असता." माशाकडे बोटसुद्धा केलं नाही तिने. "तो गेला असता, आणि हेमंत राहिला असता. तुमच्या वेळेला तो गेला. तुम्ही राहिलात."

आई मधे बोलली नाही. माझ्या हातात बादली होती. ती खाली ठेवायलाही मला सुचेना. पाणी बदललं, काठी उचलली, निघून आले. इमारतीखाली तुझी स्कूटर होती तिथे मी जरा टेकले. माझ्या डोक्यात फक्त तुझं ते वाक्य, कुणाचं काय बिघडतंय. तुझ्यावर इतकी चिडले, इतकी चिडले की वर जाऊन तुला ओरडावं असं वाटलं. मग आठवलं.

पुढचे कित्येक रविवार असेच. आई दार उघडायची, स्वाती आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. मी मुकाट्याने काम उरकायचे. हे असं चालणार नव्हतं, म्हणून मासा हलवायचं बघितलं. दुकानदाराने फोटो पाहूनच हात जोडले, "एवढा मोठा? मॅडम, याला मी कोणाबरोबर ठेवू?" तळमजल्यावरच्या शेजाऱ्याने सुचवलं, तलावात सोडून द्या, पुण्य लागेल. तलावात सोडला तर एकतर तिथले मासे हा मारेल किंवा हा मरेल, यात पुण्य कुणाचं ते मला कळेना. आमच्या घरी आणायचा तर टाकी ठेवण्याजोगी भिंत नाही. तुझा तो प्रश्न शेवटी माझ्यावर आला. याला सोडणार कुठे?

मग मी ठरवलं की स्वातीला खरं कारण सांगायचं. तू नको म्हणाला होतास. पण तू तेव्हा नको म्हणालास, कारण तेव्हा त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. आता बिघडलं होतं. ती उरलेलं आयुष्य असं समजून काढणार, की नणंदेने बादलीभर पाणी बदललं म्हणून आपला नवरा गेला. आणि मी ते समजू देणार? आईला कळलं तर कळलं, असं मनाशी म्हटलं. तरी आई देवळात गेल्याची वेळ साधून गेले. एवढा भित्रेपणा मी केला.

दार स्वातीला उघडावं लागलं. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली. अमोनिया, मुठीने टाकलेलं खाणं, हिरवं पाणी, तू दवाखान्यात माझ्यापाशी बसून राहिलास ते, सगळं ओळीने सांगितलं. "स्वाती, त्याने कुणाचं काही घेतलं नव्हतं. तो सडलेल्या पाण्याने मेला. आईच्या हातून झालं ते, पण बिचारीला माहीत नव्हतं."

ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मला माहीत आहे, ताई."

"काय?"

"हेमंतने तेव्हाच सांगितलं होतं. त्याच रात्री. तो मला सगळं सांगायचा."

"मग मला ते तसं का बोललीस?"

ती खुर्चीवर बसली. टाकीकडे पाठ करून. "तळाशी खाणं असायचं ना? ते आई नव्हत्या टाकत."

मला कळायला वेळ लागला.

"मीच टाकायचे. सकाळी डबा घेऊन दवाखान्यात निघताना. मला माहीत होतं ना कशाने मरतो ते. पाणी हिरवं झालं की मरतो. म्हटलं, कशानेही मरू दे. मेला म्हणजे झालं. खोटं आहे हे मला कळत होतं, ताई. एवढी शिकलेली आहे मी. पण डॉक्टर पण काही देत नव्हते. करण्यासारखं एवढंच होतं घरात."

"आणि मी ते काढत होते."

"दर वेळी. इतकं स्वच्छ काढायचात तुम्ही, एक दाणा ठेवायचा नाहीत. मी यायचे तर पाणी कसं, काचेसारखं. तो आपला हिंडतोय. मला तुमचे हात तोडावेसे वाटायचे."

मी तिच्या समोर बसले. एक बाई सकाळी विष कालवत होती, दुसरी संध्याकाळी ते उपसत होती, आणि दोघी तुझ्यासाठी. तू पलंगावर पडून दोघींचं ऐकत होतास. टाकू दे टाकणाऱ्याला, तू काढत जा. हे तू कसं म्हणालास, हेमंत? कुणाच्या बाजूने होतास? का तुला चालतच नव्हतं, की आम्हा दोघींपैकी एकीलाही करायला काही उरू नये?

"राग गेलाय असं समजू नका," स्वाती म्हणाली. "मला सगळं कळतं, तरी राग आहे. तो कदाचित जाणार नाही."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काही म्हणणं खोटं झालं असतं.

"नेऊ का त्याला कुठेतरी? बघते मी अजून," थोड्या वेळाने मी विचारलं.

"नको." हे मात्र तिने पटकन म्हटलं. "आता तो मरायला नको. इतक्यात नको. आता मेला तर आई म्हणणार, आता कुणाचं घेतलं? आणि मी काय म्हणू? तेव्हा का नाही घेतलंस?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "ते माझ्याने नाही व्हायचं. जगू दे त्याला. मला तो नकोय, पण जगू दे."

म्हणजे आता तुझा मासा असा जगतो आहे. कुणाला आवडतो म्हणून नव्हे, आणि तुझी आठवण म्हणून तर नव्हेच. त्याचं मरण आम्हाला परवडणार नाही म्हणून. त्या पेटीच्या प्रश्नावरून मी तुला इतकं टोचत राहिले, आणि आता मी स्वतः तेच करते आहे, आणि मला विचारलंस तर मीही चहाच मागेन.

त्या दिवशी रविवार नव्हता, पण आलेच होते तर पाणी बदलूनच जाऊ म्हटलं. मी काठी आत घातली तशी तो टेंगूळ पुढे करून नळीवर आला. एकदा, दोनदा. नळी तळाला टेकेना. स्वाती उठली. टाकीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि काचेला बाहेरून बोट लावून हलवलं. तो गर्रकन वळला आणि तिकडे धावला.

"असं करतात होय?" मी म्हटलं.

"मग? हेमंत पाणी काढायचा, मी इकडे उभी राहायचे. दर रविवारी." मी इतक्यांदा तुझ्या घरी आले, पण तुमचं हे काम मी कधी पाहिलं नव्हतं. आणि तू मला चार वेळा सगळं समजावलंस, त्यात हे कधी सांगितलं नाहीस. हे तिचं होतं म्हणून असेल.

मी तळ साफ करायला लागले. तो काचेवर धडका मारत होता. ठक, ठक. तिचं बोट तिथेच होतं, तो तोंड वासून त्याच्यावर येत होता, आणि ती खाली वाकून त्याच्याकडे अगदी जवळून बघत होती. पाणी चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत उतरलं. माझं काम झालं होतं. मी नळी बाहेर काढली.

"बस झालं गं," मी म्हटलं. "काढ आता बोट."

"तुमचं होऊ दे ताई, सावकाश," ती म्हणाली. "मी आहे उभी."

मी नळी परत आत घातली.